पणजीचं नाव काय होतं?

कुणी शेतातून येऊन हातपाय धुऊन बसली असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. आज हप्ता, व्याज, बँक यातलं मी काहीच बोलणार नाही. आज फक्त एक प्रश्न विचारते. तुमच्या पणजीचं नाव काय होतं? म्हणजे आईच्या आईची आई. नाव, आणि जमलं तर तिचं माहेर.

मागच्या महिन्यात हाच प्रश्न मी आमच्या गटाच्या बैठकीत विचारला. अकरा जणी होत्या. वडिलांकडच्या पणजोबांचं नाव सात जणींनी सांगितलं. पणजीचं नाव एकीलाच आठवलं. मला स्वतःलाही सांगता आलं नाही. आमच्याकडे हेळवी येतो, घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो. त्याच्याकडेही पणजोबांच्या वरची तीन नावं मिळाली, पण पणजीचं नाव विचारल्यावर तो नुसता हसला.

हा प्रश्न मला सुचला तो आयर्लंड देशावरून. आता तुम्ही म्हणाल, ताई, कुठलं आयर्लंड आणि कुठलं आपलं गाव! पण थोडी ओळख आहे आपली. इंग्लंडच्या शेजारचं ते बेट. २०१९ च्या डिसेंबरअखेर तिथले पंतप्रधान लिओ वराडकर आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले होते. टीव्हीवर पाहिलं असेल तुम्ही. त्यांचे वडील डॉक्टर, घराणं वराडचं. आई मिरियम नर्स, आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातली. घरच्या माणसांना घेऊन ते वडिलांचं गाव पाहायला आले. त्यांना गाव शोधावं लागलं नाही, कारण आडनावातच गाव आहे. वराडचे ते वराडकर.

आयर्लंडच्या लोकांची गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या आडनावांत 'ओ' म्हणजे नातू, वंशज, आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज. माणूस कुणाचा ते कळतं, कुठला ते कळत नाही. आणि आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात अशा आडनावांची लाखो माणसं आपल्या पूर्वजांचं गाव शोधत असतात.

ती माणसं तिकडे गेली कशी? तिथल्या गरिबाचं पोट बटाट्यावर होतं. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षं पीक पुन्हा पुन्हा कुजलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर ८१ लाखांहून जास्त लोक होते. १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख उरले. खंड भरता आला नाही म्हणून घरं पाडली गेली, वस्त्याच्या वस्त्या उठल्या. जाणाऱ्याच्या हातात कागद कसला असणार? पुढच्या पिढीला आजी एवढंच सांगायची, की आम्ही कॉर्कचे, आम्ही मेयोचे. हे म्हणजे 'आम्ही सातारा जिल्ह्याचे' म्हणण्यासारखं झालं. एवढ्यावरून घर सापडत नाही. तिथे गावाहून लहान, आपल्या वाडी-वस्तीएवढा जमिनीचा तुकडा असतो, त्याला टाउनलँड म्हणतात. असे साठ हजारांहून जास्त आहेत. त्या तुकड्याचं नाव मिळालं तरच माग लागतो.

त्यात आणखी एक घाव बसला. १९२२ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. ३० जूनला डब्लिन शहरातलं सरकारी दफ्तर स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ पासूनच्या चार शिरगणत्यांचे जवळजवळ सगळे कागद जळाले. त्यानंतरच्या चार गणत्यांचे कागद सरकारनं स्वतःच आधी नष्ट केले होते. त्यामुळे पूर्ण शाबूत राहिलेल्या सगळ्यांत जुन्या शिरगणत्या दोनच, १९०१ ची आणि १९११ ची.

मग जळालेल्या कागदांतलं काही वाचलं का? वाचलं, आणि ते कशामुळे ते नीट ऐका. १९०८ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. पण वय दाखवायचं कसं? सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली होती १८६४ मध्ये, आणि ही माणसं त्याच्या आधी जन्मलेली. १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्री तिकडे मोठं वादळ झालं होतं. कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या सांगायच्या, ते वादळ मला आठवतंय, म्हणजे मी सत्तरीची. आपल्याकडे आजी म्हणते ना, कोयनेच्या भूकंपाच्या साली माझं लग्न झालं, तसंच.

ज्यांना कागदच हवा, त्यांच्यासाठी मग जुन्या शिरगणतीत शोध घ्यायचा अर्ज निघाला. त्यात लिहायचं असे माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझ्या आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव, लहानपणी आम्ही राहायचो ती वस्ती. कारकून १८४१ किंवा १८५१ च्या कागदांत बघून उतारा लिहून द्यायचा. पुढे मूळ कागद जळाले, पण यातले हजारो अर्ज राहिले. आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते कुणालाही घरबसल्या, फुकट बघता येतात. पाच शिलिंगांसाठी केलेला एका म्हातारीचा अर्ज, आणि आज तिच्या पणतवंडाला घराची वाट त्यावरून सापडते.

एक गंमत पण सांगते. १९०१ ची आणि १९११ ची गणती शेजारी शेजारी ठेवली, तर बरीच माणसं दहा वर्षांत बारा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. मधे पेन्शन आली होती ना! म्हणून शोध घेणारे तिथे वयावर फार भरवसा ठेवत नाहीत.

१९११ च्या कागदावर लग्न झालेल्या बाईला मुलांबद्दल दोन प्रश्न होते. मुलं किती झाली? त्यातली आज किती हयात आहेत? एका रकान्यात आठ आणि शेजारच्या रकान्यात पाच असे आकडे दिसतात, तेव्हा मधल्या तीन लेकरांची नावं त्या कागदावर नसतात. पण ती होऊन गेली, एवढं त्या आईनं सांगितलेलं राहतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आयर्लंडमध्ये एकेका गावात एकाच नावाची चार-चार माणसं. जॉन मर्फी किती आणि मेरी मर्फी किती! त्यातून आपला जॉन वेगळा काढायचा कसा? बाईच्या नावावरून. तिथल्या जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव लिहितात. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही बहुतेक ठिकाणी ते असतं, आणि बाळाचे धर्मपिता-धर्ममाताही असतात, बरेचदा मावशी नाहीतर मामा. बापाचं नाव शंभर ठिकाणी सापडेल, पण त्या बापाबरोबर हीच आई एकाच घरात सापडते. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ मध्ये कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली केली, तेव्हा कितीतरी घराण्यांच्या तुटलेल्या कड्या अशा आयांच्या नावांवरून जुळल्या.

आणि बाईचं नाव हरवलं तर काय होतं? अ‍ॅनी मूर नावाची कॉर्कची सतरा वर्षांची मुलगी दोन लहान भावांना घेऊन बोटीनं अमेरिकेला गेली. आईबाप आधीच तिकडे होते. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं नवं नोंदणी केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं आणि त्यातून आत गेलेली पहिली व्यक्ती ही अ‍ॅनी. तिचे पुतळे उभे राहिले, एक आयर्लंडच्या बंदरावर, एक एलिस बेटावर. पण लग्न झालं, आडनाव बदललं, आणि ती गर्दीत हरवली. पुढे टेक्सासमधल्या एका वेगळ्याच अ‍ॅनी मूरला लोक ती समजू लागले. वर्षानुवर्षं तीच कथा चालली. २००६ मध्ये एका वंशावळ अभ्यासक बाईंनी कागद लावून दाखवलं, की टेक्सासच्या अ‍ॅनीचा जन्मच अमेरिकेतला. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली. तिला दहाच्या वर मुलं झाली, त्यातली निम्मी लहानपणीच गेली. १९२४ मध्ये ती वारली. पुतळे दोन, आणि जिथे पुरली तिथे नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसला २००८ मध्ये.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला माझी आई दिसत होती. आजोबांच्या शेताला वारस म्हणून तिचं नाव लावायचं होतं. मामांची काही हरकत नव्हती. अडलं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर शालन. लग्नात नाव बदललं, तेव्हापासून सगळीकडे सुनंदा. शालन आणि सुनंदा एकच बाई, हे सांगायला माणसं होती, कागद नव्हता. आठ महिने हेलपाटे घातले. शेवटी आत्याच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत लग्नाची पत्रिका सापडली. चि. सौ. कां. शालन, आणि शेजारी माझ्या वडिलांचं नाव. ती पत्रिका आणि प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा काम पुढे सरकलं. आई त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, किती वर्षांनी कुणी मला शालन म्हणून हाक मारली गं.

आपल्या सरकारनं आता एक चांगलं केलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पण आईचं माहेर काही त्यात येत नाही. ते आपणच लिहायचं.

म्हणून या आठवड्यात एक शंभरपानी वही आणा. घरातल्या प्रत्येक बाईला एक पान द्या. जन्माचं नाव. लग्नानंतरचं नाव. आईचं नाव. माहेरचं गाव आणि वाडी, तालुक्यासकट. लग्नाचं साल. साल आठवत नसेल तर भूकंप, बहात्तरचा दुष्काळ, जे आठवेल ते. मुलं किती झाली, किती राहिली. आणि खाली लिहा, हे कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. सुरुवात स्वतःपासून करा, मग आई, मग आजी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातीला जवळ बसवा. जुना दाखला, पत्रिका, रेशनकार्ड असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपाशी आजच जाऊन बसा. उद्यावर टाकू नका. मी माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. ऐकू कमी येतं, तरी प्रश्न कळला. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, चंद्राबाई. आमच्या आईचं नाव चंद्राबाई.

ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. पुढच्या बैठकीला तुमची वही घेऊन या.