बांगड्या फोडणारे हात
(मिरजोळे येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, जुनं सोडा म्हणणं सोपं आहे. पण सोडायचं कुणी? आपल्याच जिल्ह्यातल्या देवरुखची गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. १८८९ साली ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. याच त्या बाया कर्वे. ती जुन्यातून बाहेर पडली, पण मुरूडच्या मंडळींना ते सोसलं नाही. त्यांनी बहिष्कार घातला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं कळवलं. चांगलंच झालं. पण बांगड्या फोडायला काही ग्रामसेवक येत नाही. तिचा हात धरतो त्या आपणच, जावा, नणंदा, शेजारणी. आतून वाईट वाटत असतं, तरी धरतो. आणि संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं करताना तिचं दार टाळून पुढे जातो, त्याही आपणच.

बांगड्या ठेवायच्या की काढायच्या, ते तिचं तिला ठरवू दे. एखादीला नकोच असतील तर ‘घालच’ अशी सक्तीही नको.

येत्या संक्रांतीची बोलावण्याची यादी आत्ताच करू. कुणाकुणाची दारं राहिली होती, सांगा.