फळा, डस्टर आणि माझा पडदा



"तू नेमकं काय करतेस गं?" असं सकाळपासून दहा जणांनी विचारलं. मी ई-पेपरचे पडदे चालवणारे प्रोग्रॅम लिहिते. किंडलचा पडदा तसलाच. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात मोबाइल दिसेनासा होतो. हा मात्र कागदासारखा वाचता येतो, कारण तो बाहेरचाच उजेड परतवतो. आत केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात. त्यांत पारदर्शक तेल, तेलात पांढरे आणि काळे कण. पांढरे म्हणजे भिंतीच्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. व्होल्टेज दिलं की एक वर येतो, दुसरा तळाशी जातो. मग वीज बंद केली तरी अक्षर तसंच राहतं. अमेरिकेत एमआयटीत हे काम झालं आणि १९९७ साली त्यातून ई इंक कंपनी निघाली.

माझं पहिलं काम दुकानातल्या किमतीच्या पट्ट्यांचं. बॅटरी वाचवायला मी पडदा पूर्ण पुसण्याची पायरी गाळली. नव्या किमतीमागे जुनी पुसट दिसू लागली. वरिष्ठ शाईला दोष देत होते, मी गप्प. तेव्हा आपला फळा आठवला. कोरडं डस्टर फिरवलं की कालची गणितं मागे दिसायची, आणि बाई ओल्या फडक्याने पुसायला लावायच्या. दुसऱ्या दिवशी चूक कबूल केली. पडदा आधी पूर्ण काळा, मग पूर्ण पांढरा करू लागले. किंडल मध्येच लुकलुकतं, ते याचसाठी.

बाई, फळा पुसायचा नंबर आला की मी पळ काढायचे. आज त्याचीही कबुली देते.