कंबर धरली? ऑस्टिओपथीची ओळख

घोटी-इगतपुरीच्या खाचरांत भाताची आवणी सुरू झाली, की दिवसभर वाकून कंबर धरते. अशा दुखण्यावरची हाताने करायची एक उपचारपद्धती म्हणजे ऑस्टिओपथी. अमेरिकेतले डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ती 1874 मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये 1993 पासून तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे.

पहिल्या भेटीत दुखणं, जुने आजार, औषधं आणि कामाची पद्धत विचारतात. मग उभं राहणं, वाकणं, वळणं तपासतात. त्यानंतर स्नायू दाबणं, ताणणं, सांधे हळूहळू हलवणं. कधी सांध्यातून ‘कट्’ आवाज येतो. म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नव्हे. एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं. कंबरदुखीत काहींना आराम पडतो, पण सगळ्या आजारांवर हा इलाज नाही.

उपचार करणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी आधी विचारा. हाड ठिसूळ असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर तसं सांगा. पडल्यावर सूज आली, पाय लुळा पडला, लघवीवरचा ताबा गेला किंवा कंबरदुखीसोबत ताप असला, तर चोळत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.