काळ गुन्हा पुसत नाही
(विहारातील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील आपण नित्य उच्चारतो. त्याचा धम्मार्थ भिक्खू सांगतील. मी कायद्याची बाजू सांगतो. आपल्या वस्त्यांतील बेकार तरुणाच्या हाती कोणी पुडके देतो, थोडे पैसे देतो आणि म्हणतो, ‘एवढे पोहोचते कर. तीन वर्षे गप्प राहिलास की सरकारला काही करता येत नाही.’ हा समज घातक आहे.

तीन वर्षांचा नियम खोटा नाही, पण तो अपुरा सांगितला जातो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४६८ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ व्या कलमात आहे. केवळ दंडाच्या अपराधास सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेच्या अपराधास एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत कैदेच्या अपराधास तीन वर्षे, अशी ही मुदत आहे. त्याहून अधिक शिक्षेच्या अपराधास मुदतच नाही.

आता अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा पाहा. गांजा २० किलोहून किंवा हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक असेल, तर शिक्षा १० ते २० वर्षे. गांजा एक किलोच्या आणि हेरॉइन ५ ग्रॅमच्या आत असेल, तर एक वर्षापर्यंत. या दोहोंच्या मधल्या प्रमाणास दहा वर्षांपर्यंत. म्हणजे मुदतीचा आधार केवळ अल्प प्रमाणाला आहे, आणि तेथेही न्यायालय योग्य कारणासाठी विलंब माफ करू शकते. मोठ्या मालाची ने-आण करणाऱ्यावर दहा वर्षांनीही खटला उभा राहू शकतो.

परंतु काळाचे बंधन सरकारवरही आहे. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, हा संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाचा आदेश आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये ही तरतूद बाबासाहेबांनीच संविधान सभेत मांडली. अंगझडतीपूर्वी ‘राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती घेण्याचा तुला हक्क आहे’ असे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात ठरविले. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते.

मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असता १८० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले पाहिजे. सरकारी वकिलाने सबळ कारणे दिली तरच न्यायालय ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवू शकते. मुदत उलटली की जामीन हा हक्क ठरतो. पण तो मागावा लागतो. दोषारोपपत्र येण्यापूर्वी अर्ज केला नाही, तर हक्क हातचा जातो. अर्ज वेळेत केला असेल, तर मागाहून आलेल्या दोषारोपपत्राने तो बुडत नाही, असे २०२० च्या एम. रवींद्रन निर्णयात स्पष्ट झाले आहे. म्हणून अटकेचा दिनांक घरात लिहून ठेवा.

वकिलास पैसे नाहीत म्हणून हताश होऊ नका. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीस, स्त्रियांस आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींस विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. १९९० पासून अनुसूचित जातींत बौद्धही गणले जातात. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

मुलांना दोन गोष्टी शिकवा: पुडके हाती घेऊ नये, आणि हक्क मागण्यास उशीर करू नये. पहिली शील पाळते, दुसरी संविधान राखते.

जय भीम!