नावेचे पुढचे शीड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वरूडच्या माहेरवाशिणीने संत्र्यांच्या गावी येऊन शिडाच्या नावेबद्दल बोलावे, याचे काहीजणींना हसू आले असेल. आपल्याकडे नाव म्हणजे वर्धेवरचा डोंगा! पण लग्नानंतर मी गोव्यास गेले. यजमानांना नावेचा नाद, तो पुढे मलाही लागला. आमची नाव लहानशी, २६ फुटांची. आत निजायला दोन फळ्या आणि एक स्टोव्ह. गेल्या हिवाळ्यात तिचे पुढचे शीड बदलावे लागले. चिटणीसबाई म्हणाल्या, तेच सांगा. म्हणून तेच सांगते.

डोलकाठीच्या मागे एक शीड असते आणि पुढे, नाळेकडे, दुसरे तिकोनी. हे पुढचे शीड नाळेजवळच्या चाकावर दोरीने गुंडाळता येते. काम झाले की ते तिथेच गुंडाळलेले राहते आणि दिवसभर ऊन खाते. म्हणून त्याच्या कडेला जाड कापडाची पट्टी शिवलेली असते. उन्हाने आधी दोरा कुजतो, मग कापड. आमच्या पट्टीची शिवण हाताने ओढली तरी उसवत होती, आणि आतले कापड पोतेऱ्यासारखे सैल झाले होते. डागडुजीत अर्थ नव्हता.

आता नवे केवढे घ्यावे? डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या अंतराशी शिडाची रुंदी ताडून टक्क्यांत सांगतात. आमच्या नावेत ते अंतर १० फूट. जुने शीड १५० टक्क्यांचे, म्हणजे १५ फूट रुंद. ३० फूट उंचीला २२५ चौरस फूट कापड. डोलकाठीच्या मागेपर्यंत येणारे, दिसायला मोठे भारदस्त! नाववाल्या मंडळींचा आग्रह असा की तेवढेच घ्या, मोठे असले की गुंडाळून लहान करता येते.

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अर्धे गुंडाळलेले शीड मध्ये पोटाळते, आणि जोराच्या वाऱ्यात पोट नको असते, शीड सपाट हवे असते. शिवाय गुंडाळायचे कोणी? यजमानांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर होत नाही. ती दोरी आता माझ्या हाती आहे. मला एकटीला शीड आवरता आले नाही, तर आमचे समुद्रावर जाणेच संपले. तेव्हा मी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला, किमतीचा नंतर.

आमच्याकडचा वारा कसा, तेही पाहावे लागते. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, अगदी हलका. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तासाभरात वाढतो. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटरांवरून २८ वर गेला, की शिडावरचा दाब दुप्पट होतो. आकडा लहान वाटतो. दोरी धरलेल्या तळहाताला विचारावे.

आपण सर्वांनी 'तारिणी'चे नाव ऐकले असेल. गोव्यात बांधलेली ही ५६ फुटी नाव घेऊन लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारिणी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. पुढे ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच ती पुन्हा केली. केवढी अभिमानाची गोष्ट! पण त्या नावेवर निरनिराळ्या वाऱ्यांसाठी निरनिराळी शिडे असतात, वादळाचे शीडही वेगळे. आमच्याकडे एकच. त्यामुळे त्यांच्याकडून धैर्य घ्यावे, शिडाचे माप घेऊ नये.

आम्ही १२० टक्क्यांचे ठरविले, १८० चौरस फुटांचे. नाळेकडच्या कडेत फोमची पट्टी घातली, म्हणजे थोडे गुंडाळले तरी पोट कमी येते. मागचा कोपरा जरा उंच ठेवून घेतला. नाहीतर सुकाणूवर बसलेल्या बाईला पुढची जाळी आणि मच्छीमारांच्या होड्या दिसत नाहीत. पहाटेच्या मतलईत हे शीड कमी पडते, नाव रेंगाळते. रेंगाळू दे! चहा होतो तेवढ्यात.

माप नावेवरून घेतले, जुन्या शिडावरून नाही. ताणलेल्या जुन्या पोलक्यावरून नवे बेतले तर काय होते, हे येथे सांगायला नको. वरची दोरी ताणायला थोडी जागा सोडावी लागते, आणि कडेची फीत नाळेच्या खाचेत बसेल एवढ्याच जाडीची लागते.

कापडाविषयी मात्र आपण कापूसवाल्यांनी ऐकावे. पूर्वी उत्तम शिडे सुताचीच होत, पण इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाची. वऱ्हाडचा तेव्हाचा आखूड धागा त्याला चालत नसे. १९५० नंतर पॉलिएस्टरचे डेक्रॉन आले आणि सूत मागे पडले. त्याचे वजन औंसांत मोजतात, पण शिडवाल्यांचा वार ३६ इंच लांब आणि पन्हा साडेअठ्ठावीस इंच! आमचे सहा औंसांचे आहे. ताणा-बाण्याच्या दिशेने ते हलत नाही, औरेब ओढले की मात्र ताणते. म्हणून आडव्या पट्ट्या मागच्या कडेशी काटकोनात लावतात, म्हणजे तिथला ताण बाण्यावर येतो. दुकानदाराला मी हे विचारले, तेव्हा तो यजमानांकडे बघून बोलायचे सोडून माझ्याशी बोलू लागला.

पावसाळ्याआधी शीड उतरवून गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा चढवायचे. कापडाचा एक तुकडा सोबत आणला आहे. तो फिरवते, उभा, आडवा आणि मग औरेब ओढून पाहा.