पडद्यावरचा खेळ आणि कामकऱ्याचे मन



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘व्हिडिओ गेम’ असे उत्तर दिले. ते थोडा वेळ गप्प राहिले. युनियनचा माणूस आहे, बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलेल, अशी त्यांची समजूत असावी. आपल्यापैकीही पुष्कळांची तीच असेल. पोरासोरांच्या खेळावर एका पन्नाशी उलटलेल्या माणसाने तास दवडावा, हे विचित्र दिसते खरे. परंतु हा विषय आमच्या कामाबाहेरचा नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत.

आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मानसशास्त्राचा पंडित म्हणून नव्हे, तर वाचून आणि पाहून जे उमगले ते सांगणारा एक कामगार म्हणून आमचे बोलणे ऐकावे, ही विनंती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मजुरीवाढीच्या प्रश्नावर सभा चालू होती. मागच्या रांगेत एक विशीतला विणकर मान खाली घालून मोबाइलवर खेळत होता. आम्ही व्यासपीठावरून उतरलो, त्याच्या हातातील मोबाइल काढून घेतला आणि चारचौघांत त्याला बोल लावले. पोरगा उद्धट नव्हता. तो हळूच म्हणाला, “अण्णा, हितं कापडात चूक झाली की मजुरीतनं पैसे कापत्यात. त्यात चुकलं की परत पैल्यापासनं खेळायला मिळतंय.” आम्ही मोबाइल परत दिला आणि भाषण पुरे केले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बारा तासांची पाळी करून आलेला हा मुलगा झोपेचा वेळ मोडून खेळतो, तो निव्वळ आळशीपणाने खेळतो असे म्हणता येईल काय? आळशी माणूस झोपेल. हा तर एका कामावरून उठून दुसऱ्या कामाला लागला होता, आणि त्या दुसऱ्या कामाची मजुरी शून्य होती!

म्हणून आम्ही शोध घेऊ लागलो. हा खेळ आरंभीच्या काळात कसा मांडला गेला, तेच आधी पाहू. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, विद्युत्लहरी दाखविणाऱ्या एका यंत्राच्या वाटोळ्या काचेवर टेनिसचा खेळ उभा केला. एक प्रकाशाचा ठिपका इकडून तिकडे जायचा, एवढेच. तरी लोक त्यासाठी रांग लावून उभे राहिले. पुढे १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ केला. त्यात वरून शत्रूच्या रांगा उतरतात आणि आपण त्यांना टिपायचे. गंमत अशी की, शत्रू कमी होतील तसे उरलेले अधिक वेगाने धावू लागतात. वस्तुतः तो त्या यंत्राच्या शक्तीचा परिणाम होता. थोडी चित्रे हलवायची असली की यंत्राला ती भराभर हलविता येत. पण त्यामुळे खेळाला रंग चढतो हे पाहून कर्त्याने ते तसेच ठेवले. आमच्या कारखान्यांतूनही माणसे कमी केली म्हणजे उरलेल्यांचा वेग वाढतो. फक्त तेथे कोणाला रंग चढत नाही.

परंतु आम्हांस सर्वांत जवळचा वाटला तो ‘टेट्रिस’. १९८४ साली मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो रचला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात प्रकारचे ठोकळे वरून पडतात. ते फिरवून असे बसवायचे की आडवी ओळ फटीवाचून भरावी. ओळ भरली की ती नाहीशी होते. खेळ या यंत्रावरून त्या यंत्रावर नकला होत पसरला आणि पुढे जगभर विकला गेला. त्याचे हक्क मात्र कर्त्याच्या हाती आले ते १९९६ मध्ये. बनविणारा एक आणि पैसा दुसऱ्याचा, ही रीत आम्हांस नवीन नाही.

मुलीच्या मोबाइलवर आम्ही स्वतः हा खेळ महिनाभर खेळलो. दहा मिनिटे म्हणून बसावे आणि दीड तास निघून जावा. अंथरुणावर डोळे मिटले तरी ठोकळे पडतच! हा आमच्या एकट्याचा भ्रम नव्हता. रॉबर्ट स्टिकगोल्ड या हार्वर्डच्या संशोधकाने २००० साली नेमके हेच तपासले. खेळणाऱ्यांना झोप लागताना ठोकळे दिसत होतेच. पण स्मृतिभ्रंश झालेल्या ज्या रुग्णांना आपण खेळलो हेच आठवत नव्हते, त्यांतील काहींनीही पडणाऱ्या आकृत्या दिसल्याचे सांगितले. हाताने केलेले काम मन किती खोल नेऊन ठेवते, ते यावरून दिसते.

आता, मन असे का गुंतते? याची तीन कारणे आम्हांस पटली.

पहिले कारण अपुऱ्या कामाचे. ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी १९२७ साली असे मांडले की, पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम माणसाच्या अधिक लक्षात राहते. ठोकळ्यांच्या खेळात एक ओळ भरते तोच दुसरी अपुरी उभी असते. मन उठू पाहते, पण हात म्हणतो, एवढी एक ओळ होऊ दे.

दुसरे कारण ताकदीच्या मापाचे. मिहाय चिक्सेंटमिहाय या मूळच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञाने गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद अशा लोकांच्या मुलाखती घेऊन १९७५ साली एक ग्रंथ लिहिला. त्याचा सारांश असा की, काम आपल्या ताकदीपेक्षा फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धास्ती बसते, आणि दोन्ही जुळले की माणसाचे देहभान हरपते. चांगला खेळ हे जुळणे सतत सांभाळतो. हात बसला की तो थोडा अवघड होतो, आणि हरलो तर पुन्हा सोप्या पायरीवर आणून ठेवतो. आपल्या पोटापाण्याच्या कामात इतकी काळजी कोण घेतो?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली असे दाखविले की, खेळणाऱ्याला खेळ आवडतो तो मनाच्या तीन भुका भागतात म्हणून. आपण आपल्या मर्जीने काही करीत आहो, ही एक. आपल्याला ते जमू लागले आहे, ही दुसरी. आणि आपल्यासोबत कोणी आहे, ही तिसरी. या तीन भुकांची यादी वाचली आणि आम्ही पुस्तक मिटून बसलो. कारण गेली तीस वर्षे कामगार आमच्याकडे जी गाऱ्हाणी घेऊन येतात, त्यांतून पगाराची बाजूला काढली, तर उरलेली सारी या तिहींतच बसतात. “आम्हांला कोणी विचारीत नाही.” “इतकी वर्षे काम केले, कोणी बरे म्हटले नाही.” “बाजूच्या मागावरच्याशी बोललो तर मुकादम ओरडतो.”

खेळाने काही लाभ होतो काय, असा प्रश्न आपण विचाराल. होतो, पण मोजून सांगितले पाहिजे. २००३ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे ग्रीन आणि बॅव्हेलियर यांनी न खेळणाऱ्यांना रोज एक तास, असे दहा दिवस धावपळीच्या लढाईचे खेळ खेळावयास लावले, तेव्हा त्यांची नजर आणि अवधान यांत सुधारणा दिसली. त्याच प्रयोगात ज्यांना टेट्रिस दिला होता त्यांच्यात तशी सुधारणा झाली नाही. म्हणजे सर्व खेळांचा गुण एक नव्हे. २००७ साली न्यूयॉर्कमधील ३३ शल्यविशारदांची पाहणी प्रसिद्ध झाली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात, पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक खेळलेल्यांच्या चुका न खेळलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरल्या. पण खेळून हात बसला, की मुळात हात चांगला म्हणून खेळ आवडला, हे एवढ्यावरून ठरत नाही. आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो ऑक्सफर्डचा प्रयोग. मोटार अपघातात सापडून इस्पितळात आलेल्या ७१ माणसांपैकी काहींना, अपघाताचा प्रसंग थोडा आठवावयास लावून, सहा तासांच्या आत टेट्रिस खेळावयास दिला. पुढल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अपघाताची भयंकर चित्रे इतरांपेक्षा पुष्कळ कमी वेळा आली. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. ज्या ठोकळ्यांनी आमची झोप मोडली, तेच ठोकळे कोणाची झोप सावरूही शकतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही वकिली केली असे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद आहे. परंतु तिची व्याख्या नीट वाचावी. खेळावर ताबा राहत नाही, खेळापुढे बाकीचे आयुष्य मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही, आणि हे साधारणतः वर्षभर चालते, तेव्हा तो विकार. रात्री तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी २०२२ साली सुमारे ३९ हजार खेळणाऱ्यांची पाहणी केली. खेळाचे तास वाढले म्हणून मनःस्थिती बिघडली किंवा सुधारली, असे फारसे काही त्यांना आढळले नाही. फरक दिसला तो वेगळ्या जागी: आवडीने खेळतो की खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळतो, येथे.

आणि जुगाराला खेळ म्हणू नये. पैसा लावला की चुकीची किंमत पडू लागते, आणि मग “परत पैल्यापासनं” हा दिलासाच राहत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे सूक्त आहे. सभापर्व तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला. आमच्या माहितीतले दोन संसार अशा खेळात उधळले गेले आहेत. म्हणून त्या कायद्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मन कशाने गुंतते, हे जसे खेळ करणाऱ्यांना कळले, तसे मालकांनाही कळले आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील हॉटेलांच्या धुलाईघरात भिंतीवर पडदे लावून, प्रत्येक कामकरणीचे नाव आणि तिचा वेग गुणफलकासारखा झळकविला जाई. हे २०११ साली वृत्तपत्रांतून बाहेर आले. तेथील कामगारांनी त्याला नाव दिले होते ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’. आपल्या गावात दुचाकीवरून जेवणाचे डबे आणि सामान पोचविणारी मुले पाहा. आणखी दोन ऑर्डरी केल्या की इतके इन्सेन्टिव्ह, इतके तारे मिळाले की वरची श्रेणी. दिसायला सारा खेळच! पण खेळात नियम आधी ठाऊक असतात आणि मध्येच बदलत नाहीत. येथे ते परस्पर बदलतात. खेळातून केव्हाही उठता येते. येथे उठले तर चूल पेटत नाही. खेळात चूक फुकट असते; येथे ती पोटातून वसूल होते. खेळाचे रूप घेतले आणि खेळाचा न्याय मात्र बाहेर ठेवला, असा हा प्रकार आहे.

आणि त्या विणकर पोराला हवा होता तो न्यायच. केलेले लगेच मोजले जावे. नियम सर्वांना सारखे असावेत. चुकलो तर शिकण्याची एक संधी असावी. यांतील कोणतीही गोष्ट पडद्यावरच मिळावी असा निसर्गाचा नियम नाही. कापडातील दोष विणकराच्या हातून आला की सुताच्या खराबीमुळे, हे पाहिल्यावाचून कपात करू नये; नवख्याला शिकण्याची मुदत असावी; मागांची मांडणी करताना मागावर उभ्या राहणाऱ्यास विचारावे. त्या सभेनंतर या तीन मागण्या आम्ही पगाराच्या मागणीखाली लिहिल्या. पहिली काही ठिकाणी मान्य झाली आहे. दुसऱ्या दोहोंसाठी अजून भांडत आहोत.

आपणांपैकी जे आईबाप आहेत, त्यांना एकच सांगणे. मुलाच्या हातून मोबाइल हिसकावण्यापूर्वी, आमच्यासारखी चूक करण्यापूर्वी, त्याच्या शेजारी बसून एक डाव खेळा. त्याला तेथे काय मिळते ते विचारा, आणि ते घरात, शाळेत, कामावर का मिळत नाही, हे स्वतःला विचारा. विटीदांडू, सागरगोटे खेळताना आपणही जेवायची हाक ऐकत नव्हतो, हे विसरू नये.

तो मुलगा आता आमच्या कार्यकारिणीवर आहे. सभेत अजूनही कधीकधी त्याची मान खाली असते. आम्ही काही बोलत नाही. भाषण लांबले आहे, एवढे समजून घेतो. येथे पुढच्या रांगेतही दोनचार माना खाली गेलेल्या दिसत आहेत. तेव्हा आपली रजा घेतो.