लक्ष्मीबाई टिळक: एका आजीचं घर

आज हप्ता, व्याज, पासबुक यातलं काही बोलायचं नाही. २४ फेब्रुवारी जवळ आली आहे. १९३६ साली याच तारखेला लक्ष्मीबाई टिळक गेल्या. त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी. टिळकांच्या कविता आपल्यातल्या बऱ्याच जणींनी शाळेत पाठ केल्या आहेत. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ मात्र पुष्कळ घरांत पोचलेलंच नाही. छावणीतल्या आमच्या गटाने या हिवाळ्यात ते वाचायला घेतलं. आठवड्याची बैठक झाली, पैसे मोजून झाले, की चहा होईपर्यंत चार-पाच पानं. जिला वाचता येतं ती वाचते, बाकीच्या ऐकतात. आता तर चहा झाला तरी कोणी उठत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! हे वाचलं तेव्हा आमच्याकडे इतका हशा झाला, की शेजारचे डोकावून गेले. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाहीच, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर घरातच. नवरा हुशार, प्रेमळ, पण तापट, आणि हातात पैसा न टिकणारा. आज ही नोकरी, उद्या ते गाव. दाराशी कोणी आलं की असेल ते देऊन मोकळा. घरात पीठ आहे का, हे बघायचं काम लक्ष्मीबाईंचं. आमच्या गटात अशा नवऱ्यांबद्दल बरंच बोलणं झालं, ते इथे सांगत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. पदरी लहानगा दत्तू, पोटची लेकरं आधी गेलेली, आणि आता नवरा जिवंत असून परका झालेला. वेड लागायची पाळी आली. पुढची चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. बहिणीने आणि मेव्हण्यांनी आधार दिला. लोकांची बोलणी होती, आणि नवऱ्याची ओढही होती. दोन्ही गोष्टी त्यांनी लपवल्या नाहीत.

मग त्या मुलाला घेऊन टिळकांकडे गेल्या. इथे आमच्या गटात वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, “एवढं होऊन परत गेली? मग काय उपयोग?” दुसरीने लगेच धरलं, “परत गेली, पण चूल वेगळी मांडली ना!” आणि ते खरं आहे. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. एका घरात राहून लक्ष्मीबाईंनी आपलं पाणी, आपलं सोवळं वेगळं ठेवलं. पुढे त्यांनी स्वतःशीच विचार केला. देवाने माणूस केला, मग ही जात कुठून आली? त्या विचाराने शिवाशीव सुटली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग पाच वर्षांनी, पण आपल्या पायांनी. आम्हाला वाटतं, भक्त बाई म्हणजे मान खाली घालून चालणारी, ही समजूत इथे टिकत नाही. मावशींचं अजून समाधान झालेलं नाही. त्या म्हणतात, मुलासाठी गेली. असेलही. आईचं मन कोणी मोजायचं?

पुढचा बराच संसार नगरात झाला. आपल्याकडून एसटीने सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो ते नगर, आता अहिल्यानगर. दुष्काळात पोरकी झालेली मुलं या घरात आली, जेवली, वाढली. उत्पन्न तेवढंच, ताटं वाढलेली. प्लेगाच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या घरात मीठ धुतलं जायचं, त्या घरची ही लेक. कुटुंब म्हणजे आपली चार माणसं एवढाच त्यांचा हिशेब नव्हता.

१९१९ साली टिळक गेले. त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य सुरू केलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. चौसष्ट! शाळेची पायरी न चढलेल्या बाईने. आणि ओवी म्हणजे तरी काय, आपल्या आज्या जात्यावर म्हणायच्या तीच वाट. धर्म बदलला तरी बोली तीच, मराठी तीच. आपल्या मराठवाड्यातही ख्रिस्ती घरं काल-परवाची नाहीत. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. तरी छावणीतल्या आमच्या एका सभासद बाईंना नवीन शेजारीण अजून विचारते, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” बाई सांगतात, “इथल्याच. आजीपासून इथल्याच.”

‘स्मृतिचित्रे’ लिहायला मुलाने, देवदत्तने, आईला भरीला घातलं. हा देवदत्त म्हणजे तोच दत्तू. १९३४ पासून त्याचे चार भाग निघाले. तेव्हा त्या साठी उलटलेल्या आजी होत्या. पुढे संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ची आवृत्ती नातवाने, अशोक टिळकांनी संपादित केली. आजीचं पुस्तक नातवाने सांभाळलं. घरांत दागिने सांभाळतात, भांडी सांभाळतात. आजीचं बोलणं सांभाळणारी घरं थोडी.

या सभासद बाईंच्या सासूबाई नव्वदीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, पण नाताळच्या करंज्यांना मोहन किती, हे अजून त्याच सांगतात. पहाटे सगळ्या नातवंडा-पतवंडांची नावं घेऊन प्रार्थना करतात, एकही नाव चुकत नाही. पुस्तक वाचून झाल्यावर सून म्हणाली, “आमच्या आईंचं कोण लिहिणार?” त्यावर गटाने ठरवलं. दर बुधवारी दुपारी दोघीजणी त्यांच्याकडे जाऊन बसतात, एक विचारते, एक मोबाईलवर ध्वनिमुद्रण करते. तीन बुधवार झाले. आजी अजून लग्नापर्यंतही पोचलेल्या नाहीत, विहिरीवरच्या भांडणातच आहेत. येत्या बुधवारी लग्न सांगते म्हणाल्या आहेत.